हत्तीचे साडेपाच तास

आमचे लोक मूळचे रंगारी. म्हैसूरला कधी आले ते विचारू नका, घरात कुणालाच गोत्तिल्ला, ठाऊक नाही. मराठी घरात बोलतो, तीही अशी, अर्धी कन्नड. आजोबा दहा घरांची लुगडी एकाच हंड्यात रंगवायचे, पण बुडवण्याआधी घरागणिक पदराला दोऱ्याच्या गाठी मारायचे, म्हणजे रंग चढला तरी कुठलं कुणाचं ते कळायचं. मी कॉम्प्युटर शिकले, हंडा गेला, पण खोड तीच, कुठून काय आलं ते लिहिल्याबिगर मला चैन पडत नाही.

आता म्हैसूरच्या कडेला हिनकलला राहते, एका संशोधन संस्थेत कामाला जाते. हत्तींच्या गळ्यात पट्टे असतात, ते तासातासाला हत्ती कुठं आहे ते कळवतात. प्रत्येक कंपनीच्या पट्ट्याची तऱ्हा वेगळी, कुणी तारीख आधी लिहितं, कुणी महिना. ते सगळं एका साच्यात बसवायचं, म्हणजे परगावच्या संशोधकालाही वाचता यावं, हे माझं काम. सुम्ने, उगाच बसून टायपिंग करते असं वाटतं लोकांना. वाटू दे!

तर काय सांगू तुम्हाला, पट्टे लंडनची वेळ धाडतात म्हणून आमच्या सरांनी नियम केला, सगळ्यांत साडेपाच तास मिळवा. मी मिळवले, आणि मूळ वेळेचा रकाना बाजूला ठेवला. सर म्हणाले, अहो अक्का, साच्यात त्याला जागा नाही, काढून टाका. मी हं म्हटलं आणि काढला नाही.

मग हुणसूरकडच्या एका सुळेवाल्या हत्तीचं प्रकरण निघालं. आमच्या फाईलीत तो सकाळी साडेसातला शाळेच्या बसथांब्यापाशी दिसायचा. त्यावरून वनखात्याचा हुकूम निघाला, हा माणसाला भीत नाही, धरा आणि छावणीत साखळीला बांधा. मला पटेना, साडेसातला तिथं पोरं उभी असतात आणि एकानंही हत्ती पाहिला नाही? बस धरून तिथं गेले. तंबाखूच्या मळ्यावरच्या राखणदारानं वही काढून दाखवली, हत्ती रात्री दोनला रस्ता ओलांडतो, कुणाला काही न करता. दोन आणि साडेपाच, साडेसात! परत येऊन मूळ रकाना बघितला, तिथंही दोनच. ह्या हत्तीला नव्या कंपनीचा पट्टा होता, तो आधीच आपली इथली वेळ देत होता आणि मी वर आणखी साडेपाच तास चढवले होते.

सर म्हणाले, यंत्राचा दोष लिहू, नाहीतर संस्थेचं नाव जाईल. मी म्हटलं, हत्तीचा जन्म जाईल त्याचं काय? आणि यंत्राच्या माथी मारलं तर त्याच कंपनीचे बाकीचे पट्टे कोण तपासणार? वनखात्याला मीच पत्र लिहिलं, चूक आमची, तास मिळवणारी मी, खाली सही. सरांनी आठ दिवस मला बैठकीला बोलावलं नाही. नाही तर नाही, मला बाकीच्या पट्ट्यांचं काम होतं.

वनखात्यानं हुकूम मागं घेतला. रानात आहे तो, सुखात राहू दे, म्हातारा होऊ दे. माझं काँट्रॅक्ट या महिन्यात संपतंय, वाढेल का ठाऊक नाही. लोक म्हणतात, सरांना भेट, माफी माग. कशाची मागू? रकाना अजून फाईलीत आहे. मला कामावरनं काढायचं असेल तर लिहून काढा म्हणावं, कारण लिहा, वेळ लिहा, आणि कुठल्या घड्याळाची वेळ तेही लिहा.