चाखायचं काम

नाशिकच्या दवाखान्यात सुमेधा नंबराची वाट बघत होती. शेजारी सायखेड्याच्या कुसाबाई मुंग्या येणारा हात चोळत सोबत आलेल्या सुनेला म्हणाल्या,

"या हाताचं ऑपरेशन परत पुढं ढकललं बघ."

"साखर एवढी असताना चिरलं तर जखम चिघळेल, म्हणाले डॉक्टर. आई, खरं सांगा, गोड काय खाता?"

"देवाशपथ, चहासुद्धा बिनसाखरेचा घेते."

"आणि सकाळी द्राक्षबागेत?"

"ते काय खाणं हाय का? घडात साखर भरली का बघाया एकेक मणी चाखते."

"किती झाडांचे?"

"सगळी दोन एकर फिरते."

"अहो आई! ते सोडा, दुसरं काम करा."

"दुसरं कोणतं गं? हातात कात्री धरवंना, म्हणून तर तुझ्या नवऱ्यानं चाखायचं काम दिलंय मला."