पाचाखाली गेलं की

डॉक्टरांच्या दाराबाहेर एक बाबा लेकीची बोलणी खात होते. शेजारच्या खुर्चीतल्या शिक्षिकेने पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

“काल फाशांच्या खेळात तुमच्या योद्ध्याचे विसातले तीनच प्राण उरले होते. प्राण कंठाशी आले तरी चकार शब्द नाही!”

“सांगितलं की तुम्ही तंबूत बसवता. घरचा नियमच आहे ना, पाचाखाली गेला की तंबूत.”

“त्याला वाचवायलाच आहे तो नियम.”

“वाचतो, पण फासे टाकायला मिळत नाहीत. दोन तास नुसती तुमची तोंडं बघायची.”

“म्हणून राक्षसासमोर छाती काढायची?”

“मेलो का?”

“फासा सहावर पडला म्हणून वाचलात! बरं, नियम बदलते. पाचाखाली गेलं की मोठ्याने सांगायचं. जो सांगेल त्याला तंबूत पाठवायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं.”

“आणि फासे?”

“त्याचे तोच टाकेल.”

“खेळातली तुझ्या आईची चेटकीण ऐकेल?”

“आईला मी बघते.”

आतून हाक आली. दोघं आत गेली, दार अर्धंच लागलं.

“काही त्रास, काका?”

“छे, ठणठणीत.”

रक्तदाब मोजायच्या यंत्राची फुसफुस बाहेर ऐकू आली.

“म्हणजे... जिना चढताना चक्कर येते. महिना झाला. हिला माहीत नाही.”

“बाबा!”

“बरं झालं सांगितलंत. रक्तदाबाची गोळी जास्त होतेय. अर्धी करू, थांबेल चक्कर.”

“आणि जिना?”

“चढा की. आठवडाभर कुणाला तरी सोबत घेऊन.”

“ऐकलंस? रडतेस काय! मोठ्याने सांगितलंय मी. आता फासे माझे.”

बाहेर शिक्षिकेने पान उलटलं.