उन्हात वाळवलेली काडतुसं

काय सांगू तुमाला, मी गुहागरकडचा, बाप सुतार, आमी दोनच भावंडं, मी आणि धाकटी शेवंती. सत्तर सालानंतर आमच्याकडची पोरं आखातात जायला लागली, तसा मीपण बहारीनला गेलो. काम लागलं एका क्लबात, पिस्तुलाच्या नेमबाजीच्या मैदानावर. बापजन्मात बंदूक धरली नव्हती, पण हात सुताराचा, म्हणून साहेबानं मला वापरलेली काडतुसं परत भरायला बसवलं. शेजारच्या वाडीतला वसंता पण तिथंच, उचल-ठेव करायला. गुणी माणूस, पण सांगितल्यापेक्षा जास्त करायची खोड, ती अजून हाय.

आता काडतुसाच्या बुडाला बारकी टोपी असते, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते नि दारू पेटते. त्या साली जुन्या टोप्यांबरोबर दुसऱ्या जातीच्या नव्या टोप्या आल्या, आणि स्पर्धेला कुठली वापरायची ते ठरेना. साहेब म्हणाला, दारू तीच, गोळी तीच, फक्त टोपी बदल, यंत्रावर गोळीचा वेग बघू, आणि हे संपलं की तू रजेवर जा. रजा कशाला, तर शेवंतीचं लगीन व्हतं. कानपिळीला नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो, आणि भाऊ एकटा मीच.

तर ते यंत्र! गोळी वरनं गेली की आकडा दाखवायचं, पण बहारीनचं ऊन असं की यंत्राचेच डोळे दिपायचे, आकडाच येईना. वर सावलीला पांढरं कापड ताणलं, तर वारा सुटला नि कापड उडालं. वीट आला नुसता, देवाशप्पथ. शेवटी आकडे यायला लागले, नव्या टोपीची गोळी जोरात, रोज जोरात. साहेब खूश, मी तर तिथल्या मुहर्रक गावच्या बाजारातनं शेवंतीला साडी पण आणली.

शेवटच्या दिवशी साहेबानं नव्या टोपीचं काडतूस सहज हातात घेतलं, तर चटका बसला. हे गरम कसं? वसंता छाती काढून पुढं झाला, साब, नया माल बोट से आया, ओला होगा, धूप में रखा. आमच्याकडं दिवाळीआधी फटाके उन्हात घालतात ना, कडक वाजावेत म्हणून, तसं यानं नुसत्या नव्या टोपीच्या काडतुसांना रोज ऊन दाखवलेलं! दारू तापली की गोळी जोरात जाणारच, टोपीचा काय संबंध? साहेबानं कपाळावर हात मारला, म्हणाला, खलास, सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, साहेब, माझी रजा? म्हणाला, पुढच्या महिन्यात, इंशाल्ला. इंग्रज माणूस, पण नाय म्हणायचं असलं की इंशाल्ला म्हणायचा.

पुढच्या महिन्यापर्यंत लगीन थांबतं व्हय? सगळी काडतुसं सावलीत ठेवून परत मोजलं, आणि ऐका, दोन्ही टोप्या सारख्याच निघाल्या! एवढ्यासाठी बहिणीचं लगीन मला चुकलं. कान चुलतभावानं पिळला. वसंताशी मी किती दिवस बोललो नाय, पण खोलीवर जेवण तोच करायचा, ते गिळावंच लागायचं.

आता मी घरीच असतो. गेल्या गणपतीत शेवंती नि भावजी आले, केस पिकले त्यांचे, मला म्हणाले, तुमची कानपिळी राहिलीय, घ्या उरकून, आणि कान पुढं केला. पिळला मी, चांगला पिळला, शेवंती हसली नि रडली. सुखात राहोत दोघं. वसंता बाजूलाच चहा पीत व्हता. त्याचापण पिळायला हात उचलला, तर म्हणतो, अरे, ओला माल फुसका निघाला असता तर काम लांबलं असतं, मी ऊन दाखवलं ते तुझी रजा लवकर व्हावी म्हणून. तरी कान पिळलाच मी, पण हळूच.