गोठलेली लस

नाही हो, बिघडलेला नाहीच तो फ्रीज — राहू द्या ते स्क्रू. तुम्हाला फोन माझ्या नवऱ्यानं केला ना? करणारच. काल दवाखाना बंद, हे गृहस्थ साफसफाई करून घ्यायला आले, बाहेर उकाडा — आणि यांना लसींची दया आली. बटण फिरवलं पार टोकाला. का, तर जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं. लस म्हणजे काय आइस्क्रीम आहे? सकाळी दार उघडते तर बाटल्यांत बर्फ. आता फ्रीजच्या नावानं पावती फाडायची, म्हणून तुम्हाला बोलावलं.

ही बघा बाटली. पातळ झालीय परत, दिसायला ठणठणीत — आता हलवून ठेवते, थांबा — बघा, तळाशी कण बसायला लागले. एकदा गोठली की ही लस कामातून गेली. काय? अपाय? मांडी सुजेल फार तर. बाळ रडेल, आईला वाटेल झालं एकदाचं, आता डांग्या खोकल्याची भीती नाही — आणि भीती जिथल्या तिथे. हाच अपाय, दुसरा कुठला हवाय?

बाकीच्या बायकांना म्हटलं, गुरुवारी नवा साठा येतोय, तेव्हा या — गेल्या बिचाऱ्या. पण ती बाकावर बसलीय ना, निळी शाल, ती माझी धाकटी बहीण. पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला, रात्रभर किरकिर, आणि बाईसाहेबांनी ठरवलं, आता सुई नको म्हणजे नको. अगं, एक-दोन दिवस येतो थोडा ताप, अंग ओळख करून घेतंय त्या रोगाशी, खरा रोग न होता — कोण ऐकतंय? कुणीतरी मोबाइलवर काहीबाही पाठवायचं, ही मला वाचून दाखवायची. मी डॉक्टर, आणि मला. शेवटी काल म्हणाली, ताई, तुझ्यावर विश्वास म्हणून आणते. उशीर झालाय, आता पुन्हा पहिल्यापासून का? म्हटलं, नाही गं, थांबलो तिथून पुढे जायचं, तू ये फक्त. आणि आज ही आली तर हे असं.

तुमच्या तोंडावर दिसतंय काय ते — टोचून टाका, कुणाला कळतंय. मला नसेल सुचलं? सुई भरली होती मी. तिला आत बोलवायला दारापर्यंत गेले होते. हातात सुई घेऊन, स्वतःच्या बहिणीच्या लेकराला — जाऊ दे, हे तुम्हाला कशाला सांगतेय मी. ओतून टाकली. थांबा इथेच, सांगून येते तिला.

गेली. ऐकलंत ना, दार उघडंच होतं. सरळ सांगितलं, लस गोठलीय, आज देत नाही, गुरुवारी मी स्वतः घरी येऊन घेऊन जाते तुम्हा दोघांना. चिडली नाही हो, चिडली असती तर बरं झालं असतं. शाल सावरली आणि विचारलंन, ‘ताई, मग आधीची तरी बरी होती का?’

बरी होती. रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीजमधल्या तापमापकाचा काटा बघते मी, पहिल्या डोसच्या दिवशीही बघितला होता, शपथेवर सांगते. हे चाळे कालचे. एका शब्दाचं उत्तर होतं — आणि मी थांबले. मनात ती भरलेली सुई आली. क्षणभरच. पण माझं थांबणं तिनं बघितलं. नंतर मी हो म्हटलं, दोनदा म्हटलं, तोवर तिनं बाळ उचललं होतं.

तुम्ही काय बघताय? बटण मी जागेवर आणलंय. काही बिघडलेलं नाही त्यात. जा तुम्ही.