सुमनच्या फोनातलं अर्धं पुस्तक

राम राम मंडळी. बाया, माणसं, लेकरं, सगळे आले. शेलूबाजारचे पाहुणे आले. हरभऱ्याचं काम टाकून आले, हे मले दिसून राह्यलं.

मले बोलता येत नाही. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले, लय चांगलं बोलले. मी पुष्पा, सुमनची मोठी जाऊ. एका अंगणात आमच्या दोन चुली, सव्वीस वर्षं. मी चवथी शिकली. माइक आज पहिल्यांदा धरला, आन हा माइक गरम हाय का माहा हात थंडा हाय, तेही समजून नाही राह्यलं.

पहिले एक सांगून टाकतो. मी रडली नाही. तुमी सगळ्याईनं पाह्यलं. नळावर बोललेही, पुष्पाबाईच्या डोळ्यात टिपूस नाही म्हणून. खरं हाय. सुमन सकाळी म्हणे, बाई, डोकं दुखते. मी म्हणलं, चहा घे. दुपारी पडली. अकोल्याले नेता नेता गाडीतच गेली. तिची कपबशी ओट्यावर तशीच होती. ती मी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी तिच्यात काही नव्हतंच. मले काहीच वाटत नाही, बाप्पा. हातपाय काम करून राह्यले, बाकी सगळं बंद हाय.

गुरुजी म्हणाले, सुमनताईले वाचनाची आवड होती. आवड? आवड मले पानतंबाखूची हाय. तिले आवड नव्हती, तिले खाज होती.

आपल्या गावात पुस्तक कुठं हाय? कारंज्याले वाचनालय हाय. पण रोजानं जाणारी बाई कारंज्याले पुस्तक बदलाले जाईन का निंदाले जाईन? दोन वर्षांमांगं तिच्या पोरीनं, या रेश्मानं, अमरावतीहून आपला जुना फोन आईले आणून दिला. काच तडकलेली. बोलाले दिला होता. ही बोलेच ना. एका बोटानं लिहीत बसे, 'फुकट मराठी पुस्तक वाचाले'. मी म्हणलं, फुकट ते पौष्टिक, काय वं?

सुरवातीले फसली. एका ठिकाणी फुकट लिहिलं होतं, दाबलं तं बँकेच्या कार्डाचा नंबर मागे. दुसऱ्या ठिकाणी दाबलं तं फोनभर जाहिराती, गोरं व्हायच्या क्रीमच्या. मी म्हणलं, आता तरी सोड. तिनं काही सोडलं नाही. रेश्माले इचारे, गुरुजीले इचारे. असं करता करता तिले ठिकाणा भेटला. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकाईचे कोणीतरी पानंपानं फोटो काढून ठेवले होते. कोणीही या, वाचा.

मी इचारलं, "चोरीचं तं नाही ना वं हे?"

"नाही बाई. लिहिणारा जाऊन साठ वर्षं झाले का त्याचं पुस्तक सगळ्याईचं होते. कायदा हाय."

"आन आपण मेल्यावर आपलं काय होते?"

हासली. म्हणे, "आपलं तेराव्या दिवशीच सगळ्याईचं होते, बाई. बुंदी."

काल तेरवीले बुंदीच होती. मी वाढली.

आपल्या गावात फोनाले बोलण्यापुरती रेंज हाय, पुस्तक उतरवण्यापुरती नाही. म्हणून ही बाजाराच्या दिवशी शेलूबाजारले, स्टँडवर जीपा लागतात तिथं, कोपऱ्यात उभी राहून पुस्तक उतरवून घे. एकटी. फोनात पाहून हासे. आता मी काय समजाव? मी वंगाळच समजली. वाटलं, हे कोणाशी तरी लागून हाय. सगळ्याईसमोर कबूल करतो, मी भर स्टँडवर तिच्या हातातून फोन हिसकला.

फोनात कोणी माणूस नव्हता. एक पिवळं, वाकडं पान होतं. आन पानाच्या कोपऱ्यात एक अंगठा. खराखुरा, नखासकट.

"हा कोणाचा?" मी पोलिसावाणी इचारलं.

"ज्यानं फोटो काढले त्याचा असन, बाई. बिचाऱ्यानं दोनशे पानं धरून ठेवले आपल्यासाठी."

मले लाज वाटली. पण माफी मागितली का? नाही मागितली. मोठी जाऊ हाय ना मी! वरून म्हणलं, एवढं काय हाय त्यात, वाच बरं मोठ्यानं.

तिथून सुरू झालं. निंदाले गेलो तरी, सोयाबीन सोंगाले गेलो तरी, दुपारच्या सुट्टीत बांधावरच्या कडुलिंबाखाली अर्धा तास. ती रोज एकच इचारे, "शिदोऱ्या सोडल्या का? वाचू?" आन वाचे. इथं बसल्या त्या निम्म्या बायाईनं तिचं वाचणं ऐकलं हाय. तांड्यावरची झमकूबाई तं तिच्या भाकरीचे तुकडे करून तिच्या हातात देत जाय, का वाचता वाचता खाणं व्हावं म्हणून.

शेवटचं जे पुस्तक होतं, त्याचं नाव आमाले माहीत नाही. वरचं पानच नव्हतं. आमी त्याले मथुरेचं पुस्तक म्हणत होतो. मथुरेचा नवरा मरते. सासू तिले घरातून काढून देते. ती पायी पायी माहेरी निघते, उन्हाचं, अनवाणी.

एका दुपारी सुमननं वाचलं. मथुरा वेशीपर्यंत गेली, आन मांगून तिची मोठी जाऊ पळत आली. घरच्याईच्या चोरून आली. तिनं आपल्या पायातल्या चपला काढल्या, मथुरेच्या पुढं ठेवल्या. म्हणे, घाल. मथुरा म्हणे, आन तुमी? ती म्हणे, माह्या पायाले सवय हाय.

आमी सगळ्या रडलो. झमकूबाईनं पदर तोंडात कोंबला. मी मातर म्हणलं, "अशी जाऊ कुठं असते काय वं? पुस्तकातच असते."

सुमननं मान खाली घातली. म्हणे, "असते, बाई."

दिवाळी झाली, झमकूबाई ऊस तोडाले गेली. जाताना म्हणे, सुमन, शेवट माह्याबगर नको वाचू, मी वैशाखात, अक्षय तृतीयेच्या अखजीले येतो तवा वाच. सुमननं तिले जबान दिली.

झमकूबाई आज इथं नाही. ती अजून फडावरच हाय. आमी तिले फोन करून सांगितलं, सुमन गेली. पहिले ती रडली. मंग म्हणे, "आन मथुरेचं काय झालं?" मी म्हणलं, मी पाहून सांगतो.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी तिचा फोन घेऊन बसली. रेश्मानं उघडून दिला. चवथीची बाई मी, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. पाहुणे कुजबुजले, घरात सुतक आन हे फोन पाहून राह्यली. पाहू द्या, म्हणलं. तेरवीपर्यंत मी तेच केलं.

बासष्ट नंबरचं पान झालं. तिथं मथुरा उंबरा ओलांडते. पुढचं पान एकाहत्तर. तिथं ती माहेरी पोचून पाणी पिऊन राह्यली. मधातले आठ पानं नाहीतच. त्या अंगठ्याकडून सुटले असतीन, नाहीतं वाळवीनं खाल्ले असतीन. मी रेश्माले म्हणलं, ते चपलेवालं कुठं हाय वं? तिनं मांगं पाह्यलं, पुढं पाह्यलं. बाप्पा, त्या पुस्तकात जाऊच नाही! मथुरेचा नवरा एकुलता एक होता. सासू हाय, सासरा हाय, जाऊ नाही.

मंग वेशीवर कोण आलं होतं?

मले आठवाले एक दिवस लागला. रेश्माच्या आधी सुमनले पोरगा झाला होता. सव्वा महिन्याचा गेला. त्याच्यानंतर एक दिवस ती कोणाले न सांगता माहेरी निघाली, शिरपूरच्या रस्त्यानं, अनवाणी. चैत्राचं ऊन. मी तिच्या मांगं पळाली. पायातल्या चपला दिल्या. म्हणलं, चार दिवस राह्य आन ये, तुही चूल मी पेटवून ठेवतो. बस, एवढंच. साध्या रबराच्या चपला, एकीच्या पट्ट्याले तार बांधलेला. मी तं इसरूनही गेली होती. इतक्या वर्षांत ना ती त्याच्यावर बोलली ना मी. आन ही बया ते चारचौघीत, माह्या तोंडावर, पुस्तकातलं म्हणून वाचून गेली. आन मी काय म्हणतो? पुस्तकातच असते!

ते समजलं तवाही मले रडू आलं नाही. काय करू सांगा?

पण झमकूबाईचं काम राह्यलंच होतं. मी शेवटच्या पानावर गेली. ते शेवटचं पान शेवटचं नाहीच. मथुरेचे मायबाप गेलेले, ती घरात एकटी, आन दाराची कडी वाजते. 'मथुरेने दार उघडले आणि'. झालं. पुढं पान नाही. कोपऱ्यात तेवढा अंगठा हाय.

सुमनले हे माहीत होतं. आपण काय काय शोधलं ते म्हणे फोनात राह्यते. रेश्मानं मले दाखवलं. दिवाळीपासून एकच. 'मथुरा कादंबरी शेवटचे पान'. 'मथुरा जुनी कादंबरी दुसरी प्रत फुकट'. 'मथुरा दार उघडलं कोण आलं'. गेली त्याच्या आधीच्या बाजारालेही ती त्या कोपऱ्यात उभी राहून हेच शोधत होती, आन मी तिले म्हणलं होतं, चाल लवकर, जीप भरली.

या बाजारी मी गेली. सुतकात गेली म्हणून लोकं बोलले. त्याच कोपऱ्यात उभी राह्यली, रेश्मानं शिकवलं तसं एका बोटानं लिहिलं. नाही भेटलं.

तुमच्या कोणाच्या घरी, जुन्या पेटीत, वरचं पान फाटलेलं असं पुस्तक असन तं मले सांगा. नसन तं मी शोधीन. पण अखजीले झमकूबाई येईन, शिदोरी सोडन आन माह्या तोंडाकडं पाहीन. तिले काय सांगू? सुमन असती तं तिनं सांगितलं असतं. जिनं आठ पानं भरले तिले एक पान काय जड होतं? ती नाही. मी हाय. मंग आता मीच सांगतो. तुमी साक्षी राहा.

मथुरेनं दार उघडलं. दारात तिची मोठी जाऊ उभी होती. लय लांबून आली होती, उन्हातून. तिच्या पायात काही नव्हतं. मथुरा म्हणे, बाई, तुमच्या चपला मी जपून ठेवल्या. आत या.

एवढंच हाय. मले याच्यापेक्षा चांगलं जमत नाही.

उठा बाप्पा, उभे राहा. लेकराईले गप्प करा. दोन मिनिटं कोणी बोलू नका, आन माह्या डोळ्याकडं कोणी पाहू नका.

सुमन, शिदोऱ्या सोडल्या वं आमी. वाच.