अडतीस सारख्या किटल्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिका बाई, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, सरांच्या शेजारी बसून मघापासून त्यांची कॉलर सारखी करणाऱ्या काकू, माझे सहकारी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी उभं राहून खाण्याची पाकिटं कधी सुटतात ते बघणारी आठवीची मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी पाच जण बोलले. सर म्हणजे प्रेमळ, सर म्हणजे शांत, सर म्हणजे ऋषितुल्य. मी दोनदा वळून बघितलं, की आपण नक्की त्याच माणसाच्या निरोपाला आलोय ना? सूत्रसंचालक बाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'चांगलंच बोला हं' असं कानात बजावलंय. दोन्हींपैकी एक मी नक्की पाळीन.

तर मंडळी, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन खाली मान घालून बसलेला हा जो सज्जन माणूस दिसतोय ना, त्यांनी मला नापास केलं होतं. चित्रकलेत. काकू, हसू नका, तुमच्याही नावाचा उल्लेख पुढे यायचा आहे.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कला शिक्षक पदविकेला होते. सरावाचे पाठ घ्यायला आम्हा छात्राध्यापकांना वेगवेगळ्या शाळांत वाटून देत, तशी मी याच शाळेत, याच सरांच्या वाट्याला आले. आम्ही त्यांना आपसात 'खोडरबर' म्हणायचो. सर, हे तुम्हाला माहीत होतं, असं काकूंनी सांगितलंय, त्यामुळे चेहरा तसा करू नका. नावाचं कारण असं, की वर्गात खोडरबर दिसलं की हे जप्त करायचे. कपाटात बुटांच्या खोक्यात शेकड्यांनी खोडरबरं पडलेली असायची. वर म्हणायचे, "चुकली रेघ तर चुकू दे. शेजारी दुसरी काढ. दोन्ही बघू."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. कारण मला चित्र येत होतं. नुसतं येत नव्हतं, फार येत होतं! कॉलेजात माझा हात बघायला मुलं उभी राहायची. आता असा हात असलेल्या मुलीला सातवीच्या पोरांपुढे उभं केल्यावर ती काय करणार? पोरगं भांडं काढतंय, भांड्याचा तळ एकीकडे, तोंड दुसरीकडे, आणि मी नुसती बघत राहू? मी म्हणायचे, "दे बघू जरा." दोन रेघा, थोडी छाया, झालं. पोर खूश, मी खूश. आमच्या भाषेत याला 'हात फिरवणं' म्हणतात. सगळे छात्राध्यापक फिरवायचे. इथे बसलेल्या कलाशिक्षकांपैकी ज्यांनी कधीच हात फिरवला नाही, त्यांनी हात वर करावा. बघा. अध्यक्ष महोदय, आपण इतिहासाचे, आपण हात खाली घेतलात तरी चालेल.

मग आला अंतिम पाठ. दोन तासांचा, मध्ये सुट्टी, विषय वस्तुचित्र. निम्मे गुण बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंचे, निम्मे सरांचे. दोघांकडेही वेगवेगळं पास व्हायचं. माझं सगळं त्या एका पाठावर अडकलेलं होतं. एका शाळेने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, 'निकालाचा कागद आणा आणि रुजू व्हा' म्हणून. आईने ही बातमी गल्लीभर केली होती. आणि नाही जमलं तर काकांचं फोटो फ्रेमचं दुकान होतंच. म्हणजे उरलेलं आयुष्य लोकांच्या दिवंगत आजोबांना चौकटीत बसवण्यात जाणार. मला पास व्हायचं होतं हो. कसंही करून व्हायचं होतं.

वस्तू म्हणून मी शिपाईमामांची चहाची किटली मागून आणली. स्टीलची, पोचे आलेली, पण घासून लख्ख. शेजारी एक कांदा, खाली निळा कपडा. मुलं काढायला लागली आणि मी फिरायला लागले. "दे बघू. अशी. ही तोटी इथून निघते. हं, आता छान." परीक्षक बाई मागे बसून माना डोलवत होत्या, त्यांना वाटत होतं मी वैयक्तिक मार्गदर्शन करतेय.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. दोन्ही कोपरं कागदावर टाकून, जवळजवळ झोपूनच काढायची, म्हणून मी तिला कोपरवाली म्हणायचे. तिच्याकडे गेले.

"दे गं बघू."

"नाही बाई. अजून व्हायचंय."

"अगं, मी जरा नीट करून देते ना."

"नको बाई. बिघडेल."

बिघडेल! मी, जिचा हात बघायला कॉलेज जमायचं, ती बिघडवणार? पण परीक्षक बघत होत्या, मी गोड हसले आणि पुढे गेले.

मधल्या सुट्टीत शिपाईमामा आले आणि परीक्षकांच्या चहासाठी किटलीच उचलून घेऊन गेले. पण मला किटलीची गरज होती कुठे? सगळे चहाला गेले, मुलं मैदानावर, आणि मी वर्गात एकटी. वीस मिनिटांत, कोपरवालीचा सोडून, राहिलेल्या सगळ्या कागदांवर हात फिरवला आणि एकोणचाळीस चित्रं फलकावर टाचली. कोपरवालीचं अगदी खाली, कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही. फलक असा दिसत होता, की माझं मलाच भरून आलं.

परीक्षक बाई आल्या, बघून म्हणाल्या, "वा! एका पाठात एवढी प्रगती?" मी नम्रपणे मान खाली घातली. आणि तेव्हा सर उठले. मुलांना म्हणाले, "सुंदर झालीत रे चित्रं. चला, आपापलं चित्र काढून घेऊन जा. मागे लिहिलेलं नाव मात्र बघायचं नाही."

साधी गोष्ट. मुलं धावत फलकापाशी गेली आणि थांबली. एक मुलगा एका किटलीला हात लावायचा, मग शेजारचीला, मग माझ्याकडे बघायचा. दोघी जणी एकाच चित्रावरून भांडायला लागल्या, "माझंय!", "नाही, माझंय!" एक तर चक्क म्हणाला, "बाई, माझं कुठलं हो?" आणि खरं सांगते, मलाही सांगता येईना. अडतीस किटल्या, अडतीसही सारख्या, एकीलाही पोचा नाही. अडतीस मुलं त्या फलकासमोर उभी होती आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

कोपरवाली मात्र सरळ खाली वाकली, आपला कागद काढला आणि जाग्यावर जाऊन बसली. परीक्षक बाईंनी तो मागून घेतला. किटली एका बाजूला कलंडलेली, तोटी सुजल्यासारखी, आणि किटलीच्या पोटात एक बाई. भोपळ्याएवढं नाक, काडीएवढे पाय.

"हे काय काढलंस?"

"किटलीत आमच्या बाई दिसत होत्या," ती म्हणाली, "म्हणून काढल्या."

एकोणचाळीस मुलांसमोर किटली होती. त्यात मी दिसत होते हे एकीनेच पाहिलं. मीसुद्धा नाही.

परीक्षक बाईंनी मला तरीही पास केलं. सरांनी नापास केलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "चित्रकलेत नापास? अगं, चित्रकलेत कोण नापास होतं?" आईला या प्रश्नाचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. धरून ठेवलेली जागा दुसरीला गेली, आणि तिने हात फिरवूनच पाठ पास केला होता. मी सरांना काय काय म्हटलं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. खवट, आकसखोर, एवढे दोनच सौम्य शब्द सांगते.

पुढचं सत्र पुन्हा इथेच. सरांनी दोन अटी घातल्या. वर्गात फिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. आणि आठवड्यातून एक तास बाकावर बसून मुलांबरोबर चित्र काढायचं. मी तुरुंगाच्या पाहणीला आलेल्या साहेबासारखी हात मागे बांधून फिरायचे, आणि बोटं अशी शिवशिवायची म्हणता! बाकावर जागा मिळाली ती नेमकी कोपरवालीशेजारी. एकदा तिने माझ्या कागदात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही किटलीकडे बघतच नाही. तुम्हाला येते ती किटली काढता. ही बघा ना, ही पोचलेलीय."

बारा वर्षांची पोरगी. मी तिची बाई. पहिल्यांदा त्या किटलीकडे बघितलं.

दुसऱ्या वेळचा अंतिम पाठ संपला तेव्हा फलक भयंकर दिसत होता. परीक्षकांनी शेरा मारला, 'फलक अनाकर्षक.' सरांनी त्याच्याखाली लिहिलं, 'सहमत', आणि मला पास केलं.

पण मंडळी, राग गेला नव्हता. वाईट शिकवते म्हणून समज द्यायची, ओरडायचं, नापास कशाला? एका पोरीचं वर्ष घालवताना या माणसाला काहीच वाटलं नसेल? आजच्या भाषणाला मी होकार दिला तो, खोटं कशाला बोलू, हेच भर सभेत विचारायला. गेल्या रविवारी सरांच्या घरी गेले तेव्हा मात्र राहवलं नाही, तिथेच विचारलं. सर नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सांगा की आता. निवृत्त झालात, आता कोण मेमो देणार आहे? तिला नापास करून आलात तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात."

मग सर बोलले. म्हणाले, "मी पहिली नऊ वर्षं हात फिरवला. प्रत्येक मुलाच्या चित्रावर. दरवर्षी स्पर्धेत शाळेला ढाल. मला कुणी अडवलं नाही, उलट सत्कार केले. मग एकदा बसथांब्यावर एक जुना विद्यार्थी भेटला. कडेवर लहान मूल. म्हणाला, सर, तुमचं चित्र अजून आमच्या भिंतीवर आहे. मी म्हटलं, माझं कुठलं रे? तर सातवीत त्याला ज्याच्यासाठी पहिलं बक्षीस मिळालं होतं, ते. त्याला ते त्याचं वाटतच नव्हतं. आणि मग तो म्हणाला, मी पुन्हा कधी पेन्सिल हातात धरली नाही सर, तुमच्यासारखं कुठे जमणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "त्या नऊ वर्षांतली सगळी मुलं आहेत गं. त्यांच्या घरात त्यांचं एकही चित्र नाही. ती चित्रं मला आता परत करता येत नाहीत. तुझी तशी वर्षं अजून सुरूही झाली नव्हती."

आता वेळ संपली, सूत्रसंचालक बाई घड्याळ दाखवतायत. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेची आणि सर्वांनी शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलता बोलता अध्यक्षांची, काकूंची, अनेकांची टिंगल झाली, मोठ्यांनी ती पोटात घालावी, एवढी विनंती. सरांची मात्र मी माफी मागणार नाही. सर, मी बाकीचं सगळं तयार करून आले होते, हे एकच वाक्य मला लिहिता आलं नाही, म्हणून तसंच बोलते. तुम्ही मला नापास केलंत, फार बरं केलंत.