टाचणी पडली

बँकेच्या दारात दिवसभर उभा राहून पहारेकऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. तरी सवयीने तो बसथांब्यावर उभाच होता. शेजारच्या बाकावर कापडाच्या दुकानातल्या दोघी विक्रेत्या बोलत होत्या, एक वयस्कर, एक तरुण.

"मग काकू, माझी नेमकी आज सुट्टी. मालकांनी स्टूल दिलं का?"

"न देऊन सांगतात कोणाला? बसायला द्यायचा कायदाच झालाय आता. पाच वर्षं मोर्चे काढले आपण."

"आणि बसलात?"

"बसले की. एकवीस वर्षांत पहिल्यांदा दुकानात टेकले गं. इतकं बरं वाटलं. तेवढ्यात मालक आत आले."

"मग?"

"मेली सवय. पाय भरून आले की आपण काय करायचो?"

"टाचणी पडली म्हणून खाली बसायचो."

"तेच. स्टुलावरून उठले ती थेट फरशीवर. लागले टाचणी शोधायला."

"अहो काकू. काय म्हणाले मालक?"

"म्हणाले, सापडली का? म्हटलं, सापडली. आणि त्यांच्यादेखत परत स्टुलावर बसले, चांगली ऐसपैस."

"आणि मालक?"

"गेले गल्ल्याकडे, पैसे मोजायला."

पहारेकऱ्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"ताई, हा कायदा पहारेकऱ्यांनाही आहे का हो?"

"अजून नाही. पुढचा मोर्चा त्यासाठीच आहे, याल ना?"

"येईन की."

काकूंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मग आधी बसा, दादा. इथे कोण मालक बघतोय?"